दहा मिनिटं पळते, मग दम टाकते: मुलांच्या ११० सीसी क्वाडचा पिकअप पुन्हा पुन्हा का जातो

मुलांच्या क्वाड बाइकची, म्हणजे चार चाकांच्या मोटारसायकलची, तक्रार फोनवर नेहमी दोनच शब्दांत येते: "पिकअप नाही." खोदून विचारलं की कळतं, कुणाची चढावर मरते, कुणाची सपाटीलाही वेग धरत नाही, तर कुणाची सकाळी सुसाट आणि दहा मिनिटांनी रडत रडत. तिन्ही दुखणी वेगळी आहेत. उपाय मात्र तिन्हींवर एकच होतो, कार्बोरेटर खोलून पेट्रोलने धुवायचा. गाडी चार दिवस बरी चालते, मग पुन्हा तेच. तोपर्यंत मुलांची सुट्टी संपलेली असते आणि गाडी परत ताडपत्रीखाली जाते.

इथे मी बोलतोय ते फार्महाऊस आणि कृषी पर्यटन केंद्रांवर दिसणाऱ्या ११० सीसीच्या चार-स्ट्रोक, बहुतेक चिनी बनावटीच्या क्वाडबद्दल. वर स्टिकर कुठलंही असो, आतलं आडवं इंजिन होंडाच्या जुन्या कब मालिकेवरून उचललेलं असतं. बोअर ५२.४ मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर, म्हणजे हिशेबाने १०७ सीसी. साधं, दणकट इंजिन आहे आणि ते अचानक "कमजोर" होत नाही. ताकद कुठेतरी अडते किंवा गळते, आणि कुठे ते गाडी रडत असतानाच कळतं. गॅरेजमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू करून काहीही कळत नाही.

आधी हे बघा: बिघाड आहे तरी का?

अंगठ्याने दाबायच्या थ्रॉटलच्या डबीवर एक छोटा स्क्रू असतो, त्याला चेकनट. तो आत फिरवलेला असेल तर अंगठा पूर्ण दाबला तरी केबल अर्धीच ओढली जाते. ही वेगमर्यादा मुद्दाम दिलेली असते आणि नवीन गाडी बहुतेक वेळा ती आवळूनच येते. अमेरिकेतल्या मानकांत सहा वर्षांवरच्या मुलांच्या गाडीला मर्यादा लावून ताशी १६ किलोमीटर आणि काढून २४, दहा वर्षांवरच्यांसाठी २४ आणि ४८ असे आकडे आहेत. आपल्याकडे हे कुणी विचारत नाही, पण स्क्रू किती उघडायचा ते ठरवताना हे आकडे डोक्यात ठेवा. काही गाड्यांत सायलेन्सरच्या तोंडाशी अरुंद वॉशरही बसवलेला असतो. तो काढून टाका असं कुणी सांगितलं तर आधी गाडी कोण चालवणार आहे ते सांगा त्याला.

स्क्रू ठीक असेल तर एअर फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवून अंगठा पूर्ण दाबा आणि कार्बोरेटरच्या तोंडातून आत बघा. स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारा सरकता तुकडा, पूर्ण वर जाते का? केबल ताणली गेली, कुठे वाकली किंवा आतले तार तुटायला लागले की स्लाइड पाऊणपर्यंतच उचलते. मग जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, कितीही घासा.

नंतर मागचा एक्सल विटांवर उचलून गाडी न्यूट्रलला टाका आणि चाक हाताने फिरवा. चाकं आरामात फिरली पाहिजेत. जड वाटली तर इंजिनाला हात लावू नका, अडथळा शोधा. डाव्या हँडलच्या ब्रेकला पार्किंगचं लॉक असतं. मुलं ते अर्धवट सोडतात आणि गाडी ब्रेक लावूनच पळवतात. डिस्क हात लावायला जमत नाही इतकी तापलेली असेल तर तेच कारण, नाहीतर कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलाय. चेन फार ताणलेली असेल तर मागचा एक्सल थोडा वरखाली होताच ती कडक होते. मधोमध बोटाने दाबली की दोनेक सेंटिमीटर हलली पाहिजे.

टायरचं एक वेगळंच आहे. या टायरना हवा अगदी कमी लागते, बहुधा ३ ते ५ पीएसआय. नेमका आकडा टायरच्या बाजूला छापलेला असतो. पंक्चरवाल्याकडे नेली की तो सवयीने मोटारसायकलइतकी, ३० पीएसआय भरून देतो. त्याने टायर टणक होतो, चाकं खडीवर उड्या मारतात, पकड जाते, आणि एवढी हवा त्या टायरला धोक्याचीही आहे. उलट हवा फार बसली तर गाडी वाळूत ओढल्यासारखी चालते. गाडीच्या साध्या गेजवर एवढा कमी दाब नीट वाचता येत नाही, कमी दाबाचा गेज वेगळा घ्यावा लागतो.

आणि शेवटी वजन. गाडीच्या पट्टीवर जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं. भाच्याला "जरा दाखवतो" म्हणून मामा मागे बसला, की ती गाडी चढावर मरणारच. त्याला दुरुस्ती नाही.

गरम झाल्यावर मरणारी गाडी

सर्वात जास्त फसवणारा प्रकार हाच. थंड असताना चांगली पळते, दहा-पंधरा मिनिटांनी आवाज बदलतो, थ्रॉटल दिला की गुदमरते, मग बंद. अर्धा तास सावलीत ठेवली की पुन्हा पहिल्यासारखी. यात चार मुख्य संशयित आहेत: टाकीच्या झाकणाचा श्वास, पेट्रोलचा प्रवाह, प्लगला वीज देणारी कॉईल आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातली फट. चौघांचं वागणं बाहेरून सारखंच दिसतं. म्हणून गाडी जिथे मरेल तिथेच चाचणी करा. प्लग पाना, नवा प्लग, स्क्रू ड्रायव्हर आणि एक पारदर्शक बाटली खिशात ठेवून मुलाच्या मागे चालत जा. मूल गाडीवरून उतरवून लांब उभं करा, सायलेन्सरच्या आसपास पेट्रोल सांडू देऊ नका, आणि बिडी-सिगारेटवाल्या प्रेक्षकांना हाकला.

पहिलं काम चोकचं. गाडी रडायला लागली, पण अजून चालू आहे, त्या वेळी चोक अर्धा ओढा. लगेच सुधारली तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडली तर पेट्रोल जास्त होतंय, किंवा हवा कमी. काहीच फरक पडला नाही तर पेट्रोलचा विषय सोडा आणि प्लग किंवा कॉम्प्रेशनकडे, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाकडे, वळा. हा एक प्रयोग निम्मं काम करतो आणि त्याला पैसा लागत नाही.

चोकने सुधारली, तर पुढच्या वेळी मरताना टाकीचं झाकण ढिलं करा. "सूं" करून हवा आत गेली आणि मिनिटभरात गाडी बरी झाली, तर झाकणाचा श्वास बंद आहे. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती येत नाही म्हणून टाकीत ओढ तयार होते आणि प्रवाह थांबतो. कारण शोधताना झाकणावरची छोटी नळी काढून फुंका. पावसाळ्यानंतर या नळीत मी कुंभारीण माशीची माती बघितली आहे, चक्क शेंगदाण्याएवढी कोरडी गोळी, आत मेलेला कोळी. एअर बॉक्सची नळी आणि सायलेन्सरचं तोंडही तिला आवडतं. गाडी चार महिने उभी असेल तर तीनही जागा बघाच. सायलेन्सरसाठी इंजिन थंडच सुरू करून तोंडापाशी तळवा धरायचा. ठोके जोरात आणि एकसारखे लागले पाहिजेत.

झाकण ढिलं करूनही फरक नाही पडला तर प्रवाह मोजा. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा आणि टाकीचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, उघडा. या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर तासाला साधारण सव्वादोन लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे मिनिटाला ४० मिलीच्या आसपास. मिनिटाला दीडशे-दोनशे मिली पडलं तर भरपूर. पहिले दहा सेकंद जोरात आणि मग थेंब थेंब, तर कॉकची जाळी किंवा मधला फिल्टर तुंबलाय. काही गाड्यांत व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असतो, तो इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल सोडत नाही; तिथे बाटलीच्या चाचणीत काही न पडणं हा दोष नव्हे.

बाटली पाच मिनिटं तशीच ठेवून उन्हाकडे धरून बघा. तळाशी वेगळा थर, किंवा तांबूस गाळ दिसला तर पुनरावृत्तीचं कारण हातात आलं. टाकीत गंज आहे किंवा पाणी. कार्बोरेटर दहा वेळा धुतला तरी दर वेळी नवा गाळ त्यातच उतरणार. टाकी काढायची, पूर्ण रिकामी करून धुवायची, वाळवायची, नवा कागदी फिल्टर लावायचा, आणि मगच कार्बोरेटर खोलायचा. हा क्रम उलटा झाला की काम पुन्हा करावं लागतं.

प्लग, कॉईल आणि तो रिमोट

चोकने फरक पडला नाही. गाडी बंद पडली त्या क्षणी प्लग काढा. हातमोजे घाला, हेड भाजतं. प्लगला कॅप लावून त्याची कडा इंजिनाच्या धातूला टेकवा, प्लगच्या छिद्रापासून लांब, आणि स्टार्टर मारा. निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, मधूनच गायब होणारी असेल तर आधी नवा प्लग लावून पाहा. १० मिलिमीटर आट्यांचा, ए७टीसी प्रकारचा असतो; फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर. कॅप वायरीवर स्क्रूसारखी फिरवून बसते, ती कधीकधी ढिली असते, एवढ्यावरही काम भागतं.

नव्या प्लगनेही ठिणगी कमजोर, आणि थंड झाल्यावर ठीक, तर कॉईल किंवा मॅग्नेटमधलं (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागातलं) वेटोळं तापल्यावर तुटतंय. मल्टिमीटरवर त्याचा रोध थंड असताना मोजून लिहून ठेवा, गरम झाल्यावर पुन्हा मोजा. गरम असताना आकडा उड्या मारतो किंवा मीटर काहीच दाखवत नाही, तर तो भाग गेला. पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा ही तुलना जास्त खरी बोलते, कारण या गाड्यांत कुठल्या कारखान्याचा मॅग्नेट बसलाय हे पुस्तकाला माहीत नसतं.

त्याआधी मात्र इंजिन बंद करणारी यंत्रणा वगळा. किल्ली, हँडलवरचं लाल बटण, मागे ओढायची दोरी आणि आईबाबांच्या हातातला रिमोट, एवढ्या ठिकाणांहून हे इंजिन बंद करता येतं. रिमोटच्या रिसीव्हरमध्ये ओल गेली की तो मधूनच ठिणगी तोडतो आणि गाडी "मिसिंग" मारते. खड्ड्यात आदळल्यावर झटका बसत असेल तर संशय इथेच. एसी प्रकारच्या सीडीआयमध्ये, म्हणजे ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीत, काळी-पांढरी वायर अर्थ झाली की इंजिन बंद होतं. चाचणीपुरती ती सुटी करा, गाडी विटांवर असतानाच. मग किल्लीने इंजिन बंद होणार नाही, चोक पूर्ण ओढून बंद करावं लागेल. दोष मिळाला की वायर परत जोडा. दोरी आणि बटण तोडून ठेवलेली गाडी मुलाच्या हातात देणारे महाभाग मी पाहिले आहेत.

उंदरांचं वेगळं सांगायला नको. गाडी चार महिने उभी असेल तर सीटखालचं वायरिंग बघितल्याशिवाय सुरू करू नका.

टॅपेट: ज्याचा आवाज येत नाही तो

एका कृषी पर्यटन केंद्राची गाडी अशीच आली होती. दुसरीकडे कार्बोरेटर खोलून झाला होता, मग नवा कार्बोरेटरही बसला होता, आणि तक्रार जशीच्या तशी. गरम झाली की चढावर थांबायची. चोकने फरक नाही, झाकणाने नाही, ठिणगी कडक. मग गरम असतानाच प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावला, थ्रॉटल पूर्ण दाबून धरला आणि स्टार्टर मारला. काटा साठ-सत्तर पीएसआयवर थांबला. तीच गाडी थंड झाल्यावर सव्वाशेच्या पुढे. एक्झॉस्टच्या टॅपेटमध्ये सगळ्यात पातळ फिलरही (फट मोजायची पत्री) शिरत नव्हता.

हे असं का होतं? या इंजिनात व्हॉल्व्ह वापराने हळूहळू हेडमध्ये बसत जातो, आणि फट आपोआप कमी होते. त्यात भर म्हणजे आपल्याकडे टॅपेटचा टकटक आवाज कुणाला सहन होत नाही. "आवाज येतोय, बघा जरा" म्हटलं की पोरगा फिलर न लावताच, बोटाच्या अंदाजाने टॅपेट आवळून आवाज बंद करतो. मालक खूश. इंजिन तापलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी लांबते, फट शिल्लकच नसते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि पिकअप जातो. असंच चालवत राहिलं तर व्हॉल्व्हची कड जळते, आणि मग हेड उतरवावं लागतं. थोडा वाजणारा टॅपेट त्रास देत नाही. मुका टॅपेट देतो.

करायचं सोपं आहे. इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभं. प्लग काढा, हेडवरची आणि हेडखालची अशी दोन टॅपेटची झाकणं काढा. वरचा इनटेक, खालचा एक्झॉस्ट. डाव्या बाजूचं मॅग्नेटचं झाकण उघडून नट पान्याने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा आणि "टी" ची, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असल्याची, खूण खाचेसमोर आणा. दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर आणखी एक पूर्ण फेरा द्या, चुकीचा स्ट्रोक होता. फट दोन्हींना बहुधा ०.०५ मिलिमीटर, तुमच्या गाडीच्या माहितीपत्रकात वेगळी असेल तर ती धरा. फिलर किंचित घासत सरकला पाहिजे. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना फट नेहमी बदलते.

फट बरोबर असूनही गेज ९०च्या खाली राहिला, बॅटरी पूर्ण भरलेली आहे आणि थ्रॉटलही उघडा आहे, तर आतलं काम. यात बरेच जण प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून रिंग की व्हॉल्व्ह हे ठरवतात. उभ्या सिलिंडरला ती युक्ती चालते. या आडव्या सिलिंडरमध्ये तेल खालच्या बाजूला जमतं, रिंगच्या सगळीकडे पोचत नाही, म्हणून निकालावर फार विसंबू नका. त्यापेक्षा पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून हवा भरा आणि ऐका: सायलेन्सरमधून फुसफुसलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून तर इनटेक, तेलाच्या भोकातून तर रिंग. हवा सोडताना गाडी न्यूट्रलला आणि हात मॅग्नेटपासून लांब.

फक्त पूर्ण थ्रॉटलला किंवा फक्त सुरुवातीला

गरम-थंडीचा संबंध नाही, पण अर्ध्या थ्रॉटलपर्यंत छान आणि पुढे गुदमरते, तर मेन जेट किंवा एअर फिल्टर. अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर चालणाऱ्या गाड्यांचा स्पंजचा फिल्टर बारीक वाळूने दगड झालेला असतो. रॉकेल किंवा साबणाच्या पाण्यात धुवा, पिळू नका, दाबा. वाळवून फिल्टर तेलाचे थेंब चोळा. फिल्टर काढून गाडी चालवण्याचा जो शॉर्टकट आहे, त्याने वाळू सरळ सिलिंडरमध्ये जाते.

उलट, थ्रॉटल उघडताच दचकते पण वेग धरल्यावर ठीक, तर पायलट जेट. त्याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं आणि शिळ्या पेट्रोलच्या चिकट थराने सगळ्यात आधी तेच बुजतं. कार्बोरेटर क्लीनर मारून वायरीतली तांब्याची एक बारीक तार घाला. शिवणाची सुई घालू नका, छिद्र मोठं होतं. मिश्रणाचा स्क्रू आधी हलक्या हाताने पूर्ण आवळून दीड फेरा उघडा, तिथून पुढे कानाने जुळवा. कार्बोरेटर आणि इंजिन यांमधल्या रबरी तुकड्यावर चिरा पडल्या की हवा आत शिरते. आयडलवर असताना तिथे पाण्याचा फवारा मारा, आवाज बदलला तर रबर बदला.

दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. एक म्हणजे पेट्रोल. आता पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५. जुन्या जेटच्या कार्बोरेटरला हे कळत नाही, तो तेवढंच सोडतो, म्हणून मिश्रण पातळ पडतं: चोक थोडा ओढला की बरी, प्लग पांढुरका. मेन जेट एक आकडा मोठा घातला की फरक पडतो. दुसरी म्हणजे उंची. अलिबागला समुद्रसपाटीवर जुळवलेली गाडी पाचगणीला १,३०० मीटरवर नेली की हवा विरळ, मिश्रण जाड, प्लग काळा, आणि ताकद सुमारे १३ टक्के कमी. यातला मिश्रणाचा भाग जेटने सुधारतो, बाकीचा डोंगराचा हिशेब आहे, तो कुणाला चुकवता येत नाही.

इंजिन जोरात ओरडतं पण गाडी पुढे सरकत नाही, हा प्रकार वेगळा. तिथे क्लच घसरतोय. हा क्लच इंजिन तेलात बुडालेला असतो, म्हणून कारचं तेल घातलं की घसरायला लागतो. मोटारसायकलचं, जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचला चालणारं मानक) लिहिलेलं फोर-टी तेल घाला आणि एकदा गरम करून पुन्हा बदला. त्यानेही घसरत असेल तर क्लच शू झिजलेत.

टू-स्ट्रोक आणि बॅटरीवाल्यांसाठी थोडक्यात

४९ सीसीच्या टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्ये मिसळावं लागतं, बहुतेकांना २५ भागांना एक. महिनाभर जुनं मिश्रण वापरू नका. या इंजिनाला टॅपेट नसतात, ताकद जाते ती सायलेन्सरच्या आणि एक्झॉस्ट पोर्टच्या काजळीत, किंवा क्रँकच्या सीलमधून हवा शिरल्याने.

३६ व्होल्टच्या इलेक्ट्रिक क्वाडमध्ये १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. पूर्ण भरल्यावर एकत्र ३८ व्होल्ट दाखवल्या तरी त्यावर खूश होऊ नका. मागची चाकं उचलून, कुणीतरी ब्रेक हलका धरून, मोटर लोडवर असताना प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. दोन १२ वर आणि एक १०च्या खाली, तर तीच तिघांना ओढतेय. पण बदलताना तिन्ही एकदम बदला. एकच नवी घातली की जुन्या दोघी तिला सहा महिन्यांत आपल्यासारखं करतात, आणि तुम्ही परत दुकानात.

पावसाळ्याआधी पंधरा मिनिटं

माझ्याकडे या गाड्यांची रांग लागते ती दिवाळीच्या सुट्टीत. मे अखेरीस मुलं गेली, गाडी जशी होती तशी शेडमध्ये, आणि ऑक्टोबरात चावी फिरवली की रडगाणं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि कोकणात, घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर ओलीला तोटा नाही. म्हणून उभी करताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग कार्बोरेटरच्या वाटीचा तळाचा स्क्रू उघडून उरलेलं पेट्रोल बाटलीत काढा. धातूची टाकी असेल तर काठोकाठ भरा, प्लास्टिकची असेल तर रिकामी ठेवा. सायलेन्सरच्या तोंडात आणि झाकणाच्या नळीत कापडाचा बोळा, आणि त्याची आठवण म्हणून हँडलला एक लाल चिंधी. बॅटरीचं काळं टोक सुटं करा.

दुरुस्तीनंतर चाचणीला आधी स्वतः, पण हलक्या माणसाने, बसा. पंधरा मिनिटं गरम होऊ द्या, त्याच चढावर तीनदा न्या. प्लग काढून बघा, फिकट तपकिरी असेल तर जमलं. मग अंगठ्याचा वेगमर्यादेचा स्क्रू, जो चाचणीसाठी तुम्ही पूर्ण उघडला असेल, तो परत होता तिथे आणा आणि चेकनट आवळा. आवारात, हेल्मेट घालून. बाहेरच्या रस्त्यावर नाही: ही गाडी नोंदणीची नसते, आणि अल्पवयीन मुलाने सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.